अफवेचा वेग कोणाच्या हाती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर महाराष्ट्रातील एका मोठ्या गावाच्या सरपंच ताई लिहितात, की गेल्या पावसाळ्यात त्यांच्या भागात मुले पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ फिरला, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या एका बोहारणीला लोकांनी चौकात अडवून ठेवले, आणि पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून पुढचे टळले. असा मजकूर रोखण्यासाठी खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार सरकारला द्यावा की ते काम समाजमाध्यमांच्या कंपन्यांवर सोडावे, असे त्यांनी विचारले आहे. शिवाय, अफवा पसरवणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनला दंड करण्याचा ठराव ग्रामपंचायतीने केला तर तो टिकेल का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

ठरावाचे आधी सांगतो, कारण त्यावर फार बोलण्यासारखे नाही. तो टिकणार नाही. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी स्पष्ट केले, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरात अ‍ॅडमिनचाही समान हेतू होता हे दिसल्याखेरीज, केवळ तो अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. अ‍ॅडमिनच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे एवढेच असते, हा त्यातला एक मुद्दा होता. त्यानंतर २०२२ मध्ये अ‍ॅडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय मिळाली, त्यामुळे नैतिक जबाबदारी वाढली असे म्हणता येईल. पण दंडाची पावती फाडण्याइतका आधार त्यातून मिळत नाही. शिवाय दंडाच्या भीतीने पहिल्यांदा ग्रुप सोडतात ती शहाणी माणसे, आणि ग्रुप उरतो तो बेफिकीर लोकांच्या ताब्यात. हे मी दोन तालुक्यांत पाहिले आहे.

आता मुख्य प्रश्न. मराठी आणि अहिराणी भागांतून येणारा व्हायरल मजकूर तपासण्याचे काम मी गेली बारा वर्षे करतो आहे, आणि पोलीस प्रशिक्षणाच्या निमित्ताने बऱ्याच जिल्ह्यांत जाणे होते. या काळात माझे मत एका बाबतीत पक्के होत गेले आहे: खरे-खोटे कोणी ठरवायचे या वादात आपण सगळी शक्ती घालवतो, आणि मजकूर किती वेगाने, किती लोकांपर्यंत जाऊ द्यायचा हा निर्णय मात्र कोणालाही न विचारता कंपन्या घेत राहतात. जीव जातात ते या दुसऱ्या गोष्टीमुळे.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याच्या भागातून भिक्षेसाठी आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच ठार मारले. त्या दिवशी अचानक कोणी काही पाठवले आणि गर्दी पेटली, असे घडलेले नव्हते. टोळीची अफवा त्या पट्ट्यात आधीपासून फिरत होती. बाजाराच्या दिवशी तिला फक्त गर्दी मिळाली आणि अनोळखी चेहरे मिळाले.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी सर्वांत परिचित व्हिडिओ जरा जवळून पाहू. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवर दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. एवढेच दिसते. मूळ चित्रफीत कराचीतील होती, बेपत्ता मुलांविषयी जागृती करण्यासाठी तेथील एका स्वयंसेवी संस्थेने तयार केलेली. मूळ फितीत मोटारसायकल परत येते, मुलाला सुखरूप खाली उतरवले जाते, आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा आशयाचा फलक कॅमेऱ्यासमोर धरला जातो. कोणीतरी हा शेवट कापला. व्हिडिओत एकही चौकट बनावट नव्हती, एकही दृश्य जोडलेले नव्हते. काही सेकंद काढून टाकले तेवढ्याने जागृतीचा संदेश दहशतीचा पुरावा झाला.

अशा व्हिडिओबरोबर जो लेखी मजकूर येतो, त्याचाही एक नमुना सांगण्यासारखा आहे. ‘सर्वाना सुचित करण्यात येते की’ अशी त्याची सुरुवात. ‘सर्वांना’वरचा अनुस्वार गायब आणि ‘सूचित’मधला ऊकार ऱ्हस्व. माझ्याकडे हा मजकूर तीन तालुक्यांतून आला तेव्हा गावाचे नाव, पोलीस ठाण्याचे नाव आणि पळवलेल्या मुलांची संख्या प्रत्येक वेळी वेगळी होती, पण ती दोन्ही अशुद्धे जशीच्या तशी होती. म्हणजे कोणीतरी दर वेळी फक्त गावाचे नाव बदलून तो पुढे ढकलत होते. आणि बहुतेक वेळा हे ‘कोणीतरी’ म्हणजे काही डाव रचणारा माणूस नसतो. आपल्या भागातल्या लोकांना सावध करावे म्हणून शेजारच्या तालुक्याचे नाव खोडून स्वतःच्या तालुक्याचे घालणारा, स्वतःच्या मते भले करणारा गृहस्थ असतो.

हे एवढ्या तपशिलाने सांगतो ते एका नियमासाठी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत अशी तरतूद आहे, की मोठ्या संदेशसेवांनी विशिष्ट गंभीर गुन्ह्यांच्या तपासात न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानुसार मजकूर सर्वप्रथम कोणी पाठवला ते सांगावे. मूळ प्रेषक परदेशात असेल तर भारतात ज्याने तो प्रथम पाठवला त्यालाच मूळ प्रेषक मानावे. व्हॉट्सअ‍ॅपने याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, कारण त्यासाठी प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशाचा माग ठेवावा लागेल आणि टोकापासून टोकापर्यंत संदेश कुलूपबंद ठेवण्याची पद्धत मोडेल. खाजगीपणाचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो: कराचीच्या व्हिडिओचा माग काढून हाती काय येईल? एका टोकाला मुलांच्या सुरक्षेसाठी झटणारी संस्था, आणि भारताच्या हद्दीतील टोकाला कदाचित आपल्या बहिणीला सावध करणारी एखादी आई. मधेच कोणी स्क्रीनवरून पुन्हा चित्रित केले, की साखळी तुटलीच. गंभीर गुन्ह्यात मूळ प्रेषक शोधण्याची गरज मी नाकारत नाही. पण अफवांवर हा उपाय आहे असे सांगणाऱ्यांनी अफवा जवळून पाहिलेली नाही.

आता सरकारला अधिकार देण्याविषयी. महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ कलमाचा त्यात वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. कलमातील ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ असे शब्द इतके सैल होते, की त्यात कोणालाही बसवता येत असे. तरीही एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून, केंद्राच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे सरकारनेच नेमलेल्या तथ्य पडताळणी कक्षाने ठरवावे अशी सोय केली. असा शिक्का बसलेला मजकूर ठेवला तर इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनीला मिळणारे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. विनोदी कलाकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आदींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाले. तिसरे न्यायाधीश म्हणून न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी आपले मत याचिकाकर्त्यांच्या बाजूने दिले आणि तो नियम रद्द झाला.

प्रशिक्षणात काही अधिकारी या निकालाबद्दल नाराजी बोलून दाखवतात, आणि त्यांची अडचण मला समजते. पण निकालाने नेमके काय थांबवले ते पाहावे. सरकारला खुलासा करण्यापासून कोणीही रोखलेले नाही. केंद्राचे पत्र सूचना कार्यालय चुकीच्या बातम्यांचे खंडन करत होते आणि आजही करू शकते. थांबले ते एवढेच, की सरकारने स्वतःविषयीच्या बोलण्यावर स्वतःच निवाडा द्यावा आणि त्या निवाड्याला शिक्षेची धार असावी. आणि ताई, आपल्या गावात जे घडले त्याच्याशी या नियमाचा संबंधच नव्हता. बोहारणीचा केंद्र सरकारच्या कामकाजाशी काय संबंध?

चिथावणीसाठी आपल्याकडे कायदा आहे आणि तो पुरेसा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ सार्वजनिक भीती किंवा वैर पसरवणाऱ्या खोट्या विधानांसाठी, कलम १९६ गटागटांत शत्रुत्व वाढवण्यासाठी लागू होते. मजकूर काढून टाकण्याच्या आदेशाची मुदत २०२१ च्या नियमांत ३६ तास होती. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती तीन तासांवर आणली गेली. ऐकायला हे चांगले वाटते. पण आदेश निघण्यापूर्वी गेलेला वेळ या तीन तासांत मोजलेला नाही, आणि घड्याळ इतके घट्ट आवळले की कंपनीच्या माणसाला मजकूर वाचून निर्णय घेण्यापेक्षा न वाचता उडवून मोकळे होणे सोयीचे पडते. त्यात अफवेचे खंडन करणारी पोस्टही उडते, कारण तिच्यातही तोच व्हिडिओ असतो. आमच्या खंडनाच्या दोन पोस्ट अशाच गेल्या. आम्ही मराठीत तक्रार केली, इंग्रजीत यांत्रिक उत्तर आले, आणि पोस्ट परत आली तेव्हा तिचा उपयोग संपला होता.

इंटरनेट बंद करणे हा आणखी एक लाडका उपाय. दंगल पेटलेली असताना काही तासांसाठी तो मला समजू शकतो. मुले पळवणाऱ्या टोळीसारख्या अफवेत मात्र तो उलटा बसतो. अफवा फोनवरून, एसटीतून, पाणवठ्यावरून चालतच राहते आणि खुलासा तेवढा अडकतो.

मग नियमन कशाचे करावे? राईनपाड्यानंतर काय झाले ते पाहा. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे झाले, आणि त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. आकडा कंपनीचाच आहे, तेव्हा तो त्याच बेताने घ्यावा. पण दिशा मला माझ्या कामातही जाणवली. यात कोणी कोणाचा संदेश वाचला नाही, कोणाचे तोंड बंद केले नाही, खरे-खोटे ठरवले नाही. ज्याला सांगायचेच आहे त्याला थोडे जास्त कष्ट पडले, इतकेच.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. २०१८ मध्ये एका ग्रुपमध्ये २५६ जण मावत. पाच ग्रुपना पाठवले तर १,२८० जण. २०२२ च्या अखेरीस ग्रुपची मर्यादा १,०२४ झाली. म्हणजे आज ‘एकाच ठिकाणी’ पाठवलेला संदेश जवळजवळ तेवढ्याच लोकांपुढे पडू शकतो. एका हाताने लगाम खेचला, दुसऱ्याने सैल सोडला. २०२३ मध्ये आलेल्या चॅनेलच्या अनुयायांना तर मर्यादाच नाही. हा बदल करण्यापूर्वी त्याने अफवांचे काय होईल याचा अभ्यास करा आणि तो आम्हाला दाखवा, असे कंपनीला सांगणारा कोणताही नियम आपल्याकडे नव्हता आणि नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात साडेचार कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या मंचांवर नेमके हे बंधन आहे: धोक्याचे मूल्यमापन, त्याची स्वतंत्र तपासणी, संशोधकांना विदा (डेटा), आणि नियम मोडल्यास जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड. युरोपचे सगळे आपल्याला लागू पडेल असे नाही. तेथील यंत्रणा मंद आहे आणि कागद फार. पण प्रश्न विचारण्याची जागा त्यांनी बरोबर निवडली आहे.

त्याच कायद्यातील एक कलम मला फार मोलाचे वाटते. मजकूर तपासायला किती माणसे ठेवली आहेत ते मोठ्या मंचांना युरोपीय संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेनुसार जाहीर करावे लागते. माल्टी ही पाच-सहा लाख लोकांच्या देशाची भाषा. तिच्यासाठी किती तपासनीस आहेत हे कोणालाही वाचता येते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा आहे, आणि मराठी वाचणारी किती माणसे या कामावर आहेत हे विचारण्याचा हक्क आपल्याला नाही. आपल्या नियमांनुसार मोठ्या कंपन्या मासिक अहवाल देतात. त्यात तक्रारी किती आल्या आणि किती मजकूर काढला एवढेच असते, भाषावार काही नसते. उद्या माझ्या हातात लेखणी दिली तर मी पहिली दुरुस्ती ही करेन. अहिराणीत बोललेली धमकी ओळखणारा कोणी त्या इमारतीत नसेल, तर तीन तासांची मुदत कोणासाठी आहे?

दुसरी दुरुस्ती आणीबाणीच्या काळाची. एखाद्या जिल्ह्यात जमावाच्या हिंसेचा धोका असल्याचे जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी लेखी, कारणांसह आणि जाहीरपणे कळवले, तर त्या भागात ठरावीक तासांसाठी फॉरवर्डची मर्यादा आणखी कडक करणे, आणि व्हिडिओंच्या मंचांनी त्या विषयाची शिफारस थांबवणे. संदेश किती हातांतून आला याची मोजणी संदेशाबरोबरच जाते, त्यामुळे कुलूप न उघडता हे करता येते. आदेश जाहीर असण्यावर मी अडून आहे. गुपचूप दिलेला असा अधिकार दुसऱ्या दिवशी मोर्च्याविरुद्ध वापरला जाईल, याबद्दल मला शंका नाही.

कायद्याचे इतके झाले. पण खरे सांगायचे तर मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत कंपनीइतकीच जबाबदारी गप्प बसलेल्या यंत्रणेची होती. राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल (समन्वय) अधिकारी नेमण्याचे आणि जमावाच्या हिंसेचे परिणाम लोकांना माध्यमांतून सांगत राहण्याचे निर्देश दिले. अधिकारी कागदावर नेमलेले असतात. प्रश्न असतो तो पहिल्या काही तासांचा: ‘वरून खुलासा येऊ द्या’ म्हणून ठाणे थांबते, ‘ठाण्याकडून माहिती येऊ द्या’ म्हणून वरचे थांबतात, आणि ती पोकळी ‘सर्वाना सुचित’ भरून काढते.

खुलासा कसा लिहावा याचेही एक शास्त्र आहे. ‘मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा खोटी आहे’ असे लिहिले, की घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘टोळी’ राहते आणि ‘खोटी’ गळते. त्याऐवजी, नोंदवही पाहून खात्री झाल्यावर, ‘आपल्या ठाण्याच्या हद्दीत या महिन्यात मूल पळवल्याची एकही तक्रार नाही. कोणाबद्दल शंका आली तर हात न लावता ११२ वर कळवा’ असे लिहावे. तारीख घालावी, अधिकाऱ्याचे नाव घालावे. लिंक पाठवू नये, ती कोणी उघडत नाही. ओळखीच्या माणसाच्या आवाजातली अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत पाठवावी.

आपल्या गावापुरते सांगायचे तर दंडाच्या ठरावाऐवजी वेगळा ठराव करा. अफवेची कुणकुण लागताच पोलीस पाटलांनी ठाण्यात फोन करून नोंद विचारायची, आणि ती माहिती आपल्या व त्यांच्या आवाजात त्याच दिवशी गावातील सर्व ग्रुपवर टाकायची, घंटागाडीच्या भोंग्यावरून ऐकवायची, अंगणवाडी सेविका आणि आशा ताईंना सांगायची. कारण घाबरलेल्या आया आधी त्यांनाच विचारतात. फिरस्त्यांची नोंद ठेवण्याची सूचना कोणीतरी नक्की करेल. ती मान्य करण्यापूर्वी विचार करा: यांपैकी कित्येक जमातींवर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द होऊन सात दशके उलटली तरी ठाण्यात हजेरी लावण्याची आठवण त्यांच्या घरांत जिवंत आहे. अफवा कोणावर पडेल हे ती येण्याआधीच ठरलेले असते. म्हणून नोंदवहीऐवजी, दर वर्षी येणाऱ्या बोहारणी, डवरी गोसावी, नंदीबैलवाले यांना ओळखणारी गावातली दोन-चार वडीलधारी माणसे हेरून ठेवा आणि बाजाराच्या दिवशी गर्दी जमण्याआधी त्यांना चौकात येऊन बसायला सांगा. ‘अरे, ही दर दिवाळीला आपल्याकडे येते’ हे वाक्य गर्दीत मोठ्याने म्हणणारा एक माणूस त्या चौकात हवा.